कपाटाचा हिरवा

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरू बंदरात कुणाच्या माळ्यावर जुनं प्लॅस्टिकचं मॉडेल सापडलं, की ते हमखास डेन्झिल ट्रेम्बाथच्या मागच्या व्हरांड्यात येऊन पडायचं. पंख तुटलेली विमानं, चाकं हरवलेले रणगाडे, गोंदाच्या ओघळांनी विद्रूप झालेल्या बोटी. गव्हाच्या धक्क्यावर मालवाहू पट्टे दुरुस्त करण्यात डेन्झिलची चाळीस वर्षं गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर व्हरांड्याला काचा लावून घेतल्या आणि तिथेच बस्तान मांडलं.

काम चोख. जुने सांधे उकलायचे असले की तो मॉडेल फ्रीजरमध्ये ठेवी. गारठलेला गोंद नुसत्या बोटाच्या दाबानं कडकन सुटायचा. रंग काढायचा असला की आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यात ब्रेक ऑइल ओतून त्यात भाग बुडवून ठेवी आणि दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशनं घासून काढी. तुटलेल्या डोलकाठ्यांच्या दोऱ्या तो प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून, ओढून, केसाएवढ्या बारीक करून बनवायचा. जोडणीचा कागद हरवलेला असेल तर न्यूझीलंडमधल्या एका हौशी माणसाकडून त्याची नक्कल मागवायचा, आणि तिथेही नसेल तर स्वतः पट्टी-पेन्सिल घेऊन नवा काढायचा. त्याच्याकडून परत गेलेलं मॉडेल खोक्यावरच्या चित्रासारखं दिसायचं. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

जून महिन्यातल्या एका थंड सकाळी त्याची भावजय लिनेट दार न वाजवताच आत आली. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"डेन्झिल, हे बघ काय झालंय. साफसफाई करताना पडलं. गार्थला अजून सांगितलं नाहीये."

टॉवेलात एक विनाशिका होती, हातभर लांबीची. डोलकाठी मोडलेली, एक तोफ सुटलेली, वर्षानुवर्षांची धूळ तेलकट होऊन चिकटलेली. डेन्झिलनं ती ओळखली. त्याच्या धाकट्या भावाची, गार्थची बोट. लहानपणापासून गार्थच्या खोलीत असलेली, आणि आता वर्षभर केअर होममधल्या त्याच्या खिडकीत ठेवलेली.

गार्थ बासष्ट वर्षांचा. तीस वर्षं त्यानं शाळेची बस चालवली. एके दिवशी मूंटाच्या फाट्यावर बस थांबवून तो नुसताच बसून राहिला. मागे बावीस पोरं. शेवटी पुढच्या सीटवरची एक मुलगी म्हणाली, "डावीकडे, मिस्टर ट्रेम्बाथ." आणि मग तीच त्याला एकेक वळण सांगत शाळेपर्यंत घेऊन गेली. आजाराचं नाव नंतर कळलं. गावाला मात्र त्या दिवशीच सगळं समजलं होतं.

"जुलैत वाढदिवस आहे त्याचा," लिनेट म्हणाली. "नव्यासारखी करून देशील? एवढी घाण झालीय की हात लावायला नको वाटतं."

"नव्यासारखी म्हणजे काय, नव्याहून बरी करतो."

"बढाया मारू नकोस. चहा टाक."

ती गेल्यावर डेन्झिलनं बोट दिव्याखाली धरली. रंग म्हणजे नुसता गोंधळ होता. वेड्यावाकड्या पट्ट्या, कुठे हिरव्या, कुठे करड्या, ब्रशचे केस रंगात अडकलेले. उजव्या बाजूला तर फक्त अस्तराचा रंग आणि त्यावर पेन्सिलीनं आखलेले पट्टे. आत काही भरलेलंच नाही. कंटाळून सोडून दिलं असणार, त्याला वाटलं. इतर वेळी काम हातात घेण्याआधी तो चारी बाजूंनी फोटो काढून ठेवायचा. या वेळी नाही काढले. असल्या रंगाचे फोटो कोण काढतं?

बोट फ्रीजरमधून काढून उकलली, आणि शनिवारी तो सगळे भाग डब्यात बुडवून झोपायला गेला.

रविवारी दुपारी त्यानं रेडिओवर फुटबॉल लावला, रबरी हातमोजे घातले आणि सांगाडा बाहेर काढला. वरचा थर सुरकुतला होता. नाकाकडून त्यानं ब्रश चालवायला सुरुवात केली. मळ आणि पिवळं पडलेलं वार्निश लोंबत खाली आलं, आणि त्याखालचा खरा हिरवा उघडा पडला.

डेन्झिलचा हात थांबला.

तो हिरवा आईच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांचा होता. त्यात चूक होणं शक्य नव्हतं. त्या कपाटांच्या दारांसमोर त्यानं सोळा वर्षं नाश्ता केला होता. आणि त्याच्या शेजारचा करडा म्हणजे मागच्या कुंपणाचा. हा पोराचा खेळ नव्हता. त्या वेड्यावाकड्या पट्ट्या म्हणजे शत्रूला चकवायला युद्धनौकांना देत तो रंग होता; हे वडिलांचं काम होतं. युद्धात ते अशाच एका विनाशिकेवर, खाली भट्टीपाशी होते. त्याविषयी घरात ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. आणि इथे, खोक्यावरच्या चित्राला न जुमानता, त्यांनी स्वतःच्या आठवणीतली बोट रंगवली होती. कोठीत उरलेल्या डब्यांमधून. गार्थला शेजारी बसवून.

डेन्झिलला कुणी कधी शेजारी बसवलं नव्हतं. सोळाव्या वर्षी त्याला ॲडलेडला रेल्वेच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून धाडलं. स्टेशनवर वडिलांनी हात मिळवला आणि म्हणाले, "फोरमनला उलटून बोलू नकोस." बस्स. दीड वर्षानं ते गेले, हृदय बंद पडून.

नाकाकडचा चौथा भाग धुतला गेला होता. बाकी सगळं अजून जागेवर होतं. साबणाच्या पाण्यात बुडवून ब्रेक ऑइल धुऊन टाकलं असतं तर उरलेलं वाचलं असतं. ते त्याला ठाऊक होतं. त्याच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

अर्धवट सोडून काय करायचं, तो स्वतःशी म्हणाला. लिनेटनं नव्यासारखी करायला सांगितलंय. त्यानं ब्रश पुन्हा उचलला. रेडिओवर कुणीतरी गोल मारला, लोक ओरडले. तो घासत राहिला. नंतर त्याला आठवायचं ते हे, की घासताना तो जोर लावत होता. एवढ्या जोराची काही गरज नव्हती.

वाढदिवसाला त्यानं बोट नेली तेव्हा केअर होममधल्या सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. न्यूझीलंडहून आलेल्या कागदाबरहुकूम दोन छटांमधला करडा, सुतासारख्या सरळ कडा, केसाएवढ्या दोऱ्या. लिनेटनं हिरव्या बेडकाच्या आकाराचे केक आणले होते. ते गार्थला फार आवडत. टोंगा बेटांवरून आलेली मेले नावाची परिचारिका बोटीकडे बघत म्हणाली, "अगं बाई! दुकानातली वाटते."

गार्थनं बोट दोन्ही हातांत घेतली. उलटीसुलटी करून बघितली.

"छान आहे," तो म्हणाला. "कुणाची?"

"तुझी रे," लिनेट म्हणाली. "डेन्झिलनं दुरुस्त केली."

"माझी नाही. माझ्या बोटीवर कपाटाचा हिरवा आहे."

"ही तीच आहे," डेन्झिल म्हणाला.

गार्थनं त्याच्याकडे पाहिलं. बसमध्ये कुणी खोटं बोललं की तो आरशातून असाच पाहायचा. मग त्यानं बोट हळूच टेबलावर ठेवली, परक्याची वस्तू ठेवावी तशी, आणि पलंगाखाली वाकून शोधू लागला. कपाट उघडलं. उशी उचलली. शेवटी मेलेनं त्याला धरून खुर्चीत बसवलं.

"कपाटाचा हिरवा म्हणजे काय?" बाहेर पार्किंगमध्ये लिनेटनं विचारलं.

"कुणास ठाऊक," डेन्झिल म्हणाला. "त्याच्या डोक्यात काहीही येतं हल्ली."

त्यानंतर गार्थ रोज विचारू लागला. आईचं नाव विसरला, लिनेटला कधी कधी शाळेची बाई समजू लागला, पण बोट विसरला नाही. माझी बोट कुठे आहे? कुणी घेतली? डेन्झिल दर दुसऱ्या दिवशी जायचा, आणि दर वेळी खोटं सांगायचा. दुरुस्तीला टाकलीय. गोंद वाळतोय. पुढच्या आठवड्यात आणतो.

ऑगस्टमधल्या एका दुपारी दोघं केअर होमच्या काचेच्या खोलीत उन्हाला बसले होते. गार्थ त्या दिवशी बराच ताळ्यावर होता. त्यानं डेन्झिलच्या टकलाची थट्टा केली, समुद्रात खेकडे आलेत का विचारलं, आणि मग तेच.

"डेन्झ, माझी बोट कुठे आहे?"

डेन्झिलला आणखी एक खोटं सुचेना.

"मी रंग काढून टाकला, गार्थ. डॅडचा रंग. ब्रेक ऑइलमध्ये टाकून घासून काढला."

"सगळा?"

"सगळा."

"चुकून?"

"सुरुवात चुकून झाली," डेन्झिल म्हणाला. "मग कळलं. मग थांबलो नाही."

गार्थ रडला. तोंड न झाकता, लहान मुलासारखा, नाक गळेपर्यंत. डेन्झिलनं रुमाल पुढे केला तो त्यानं घेतला. मग बाहीला डोळे पुसून, इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून तो म्हणाला, "डॅडला सांगू नकोस. तुला मारतील."

दोन दिवसांनी डेन्झिल पुन्हा गेला तेव्हा गार्थनं हसून हात हलवला. "डेन्झ! माझी बोट झाली का?"

दुसऱ्यांदा तेच सांगून त्याला तसंच रडवायचं, हे काही डेन्झिलच्यानं होईना. मग त्यानं ठरवलं, बोट पुन्हा होती तशी करायची. पण होती कशी? लिनेटकडून जुने फोटो मागून घेतले, खोटंच काहीतरी कारण सांगून. शंभरेक फोटोंत एकाच ठिकाणी, वाढदिवसाच्या केकमागे, बोटीचं नाक दिसत होतं, तेही धूसर. बाकी सगळं फक्त गार्थच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं रोज थोडं थोडं रिकामं होत चाललं होतं.

डेन्झिलनं मोठ्या कागदावर बोटीच्या दोन्ही बाजूंच्या रेषा काढल्या, हरवलेल्या कागदांसाठी काढायचा तशाच, आणि तो कागद, पेन्सिल घेऊन केअर होममध्ये जाऊ लागला. गार्थ सांगायचा, तो लिहायचा.

"इथे हिरवा. जाड. डॅड म्हणाले, जाडच पाहिजे, समुद्र काही पातळ नसतो."

डेन्झिलनं तसंच लिहिलं.

"इथे कुंपणाचा करडा. हा मी केला. बाहेर गेला तर डॅड म्हणाले, जाऊ दे, लाटेनं तसंच होतं."

कधी त्याला भूक लागायची आणि तो मटण-बटाट्याच्या पॅस्टीबद्दल बोलत बसायचा. कधी परवाचा हिरवा आज निळा व्हायचा. डेन्झिल दोन्ही लिहून ठेवायचा, तारखेसकट. खोडरबर त्यानं घरीच ठेवलं होतं. त्या आठवड्यांत भावाभावांनी एकमेकांशी जेवढं बोलणं केलं, तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत केलं नव्हतं.

सप्टेंबरात एकदा डावी बाजू पूर्ण झाली म्हणून डेन्झिलनं कागद उलटा केला. त्या दिवशी गार्थ त्याला ओळखत नव्हता; बसच्या कचेरीतला कुणी साहेब आलाय असं त्याला वाटत होतं.

"आणि या बाजूला?"

"तिकडे काही नाही."

"का? कंटाळलात?"

"नाही हो," गार्थ जरा रागावून म्हणाला. "ती डेन्झची बाजू आहे. डॅडनी पेन्सिलीनं आखून ठेवलीय त्याच्यासाठी. तो ॲडलेडहून आला की भरेल. मी म्हटलं मी भरतो, तर हातावर चापट मारली. म्हणाले, थांब, मोठा येऊ दे."

डेन्झिलच्या हातात पेन्सिल तशीच राहिली. "मग आला का तो?"

"नाही आला. त्याला काम असतं."

काम नव्हतं. डेन्झिलला ते पत्र स्वच्छ आठवलं. आईचं अक्षर. जूनमध्ये जोडून सुट्टी आहे तेव्हा ये, डॅडना तुला काहीतरी दाखवायचंय. तो कारखान्यातल्या पोरांबरोबर फुटबॉल बघायला गेला आणि घरी कळवलं की जादा पाळी आहे. पाच आठवड्यांनी तार आली. अंत्यविधीला तो आला, दोन दिवस राहिला, बोट दिवाणखान्यातच कुठेतरी असणार. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

"साहेब, तुम्हाला बरं नाही का?" गार्थनं विचारलं. "पाणी आणू?"

घरी येऊन डेन्झिलनं, वाढदिवसानंतर परत आणून ठेवलेल्या बोटीवरचा स्वतःचा तो सुंदर करडा रंग ब्रेक ऑइलमध्ये उतरवला. दुकानातून तीन वेळा हिरवा बदलून आणला तेव्हा कुठे कपाटाच्या जवळपास जाणारा मिळाला. आयुष्यभर पातळ, एकसारखा हात द्यायला शिकलेल्या माणसाला जाड रंग लावणं जमेना. सवयीनं कडा सरळ यायच्या, त्या तो मुद्दाम बोटानं फिसकटायचा, आणि ते मुद्दाम फिसकटलेलंच दिसायचं. तरी त्यानं डावी बाजू पुरी केली. उजवीवर अस्तर दिलं, पेन्सिलीनं पट्टे आखले. मग ब्रश हिरव्यात बुडवला, हात वर नेला आणि तसाच परत आणून धुऊन ठेवला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गार्थच्या छातीत कफ झाला. डेन्झिल बोट घेऊन गेला तेव्हा तो उशांना टेकून पडला होता, डोळे मिटलेले, श्वासाची घरघर. लिनेट पाय चोळत होती. डेन्झिलनं बोट पांघरुणावर, त्याच्या हाताशी ठेवली. बऱ्याच वेळानं गार्थची बोटं हलली. त्यानं न बघताच सांगाड्यावरून अंगठा फिरवला, जाड रंगावरून, नाकापासून शेपटीपर्यंत.

"ओलं आहे अजून," तो म्हणाला आणि हात काढून घेतला.

रंग वाळून आठ दिवस झाले होते. चौथ्या दिवशी पहाटे गार्थ गेला. त्याला पोचवायला त्याच्या बसमधली पोरं आली होती, आता पोक्त झालेली, कडेवर स्वतःची पोरं घेऊन.

नंतर चर्चच्या सभागृहात चहा झाला. लोक पांगल्यावर डेन्झिल लिनेटबरोबर कपबश्या विसळायला उभा राहिला आणि तिथेच त्यानं तिला सगळं सांगितलं. डब्यात दिसलेला हिरवा, थांबलेला हात, पुन्हा उचललेला ब्रश. पार्किंगमधलं खोटं. डॅडनी ठेवलेली बाजू.

लिनेटनं नळ बंद केला.

"म्हणजे त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मला वाटत होतं त्याचं डोकं कामातून गेलंय. मी त्याच्यावर ओरडले, डेन्झिल. दोनदा. म्हटलं, पुरे झालं ते बोटीचं. आणि तो खरं बोलत होता."

"लिन, मला..."

"नको. तू आता म्हणशील चुकलो, आणि मग मी म्हणायचं, असू दे. मी नाही म्हणणार." तिनं हात पुसले. "ती बोट मला नकोय. तुझी तुझ्याकडे ठेव. तो कागद कुठे आहे?"

"कुठला?"

"तो सांगायचा आणि तू लिहायचास तो. मेले म्हणत होती. तो दे मला."

डेन्झिलनं दुसऱ्याच दिवशी कागद तिच्या दारातल्या पेटीत टाकला. दार वाजवलं नाही. नाताळाला तिचा निरोप आला नाही, की बोलावणं नाही. चार-सहा मॉडेलं व्हरांड्यात आली, ती त्यानं धूळ झटकून, तुटलेलं जोडून परत केली. रंग काढून द्या म्हणणाऱ्यांना नाही म्हणाला. का, ते विचारलं तर म्हणायचा, आता हात पूर्वीसारखा चालत नाही.

फेब्रुवारीत, अंगाची लाही करणाऱ्या उन्हात, दुपारी फोन वाजला.

"तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय पुसलेत," लिनेट म्हणाली. हॅलो नाही, काही नाही. "खालच्या कोपऱ्यात काय लिहिलंयस? एकवीस तारीख आहे. 'समुद्र काही' याच्या पुढे."

"पातळ," डेन्झिल म्हणाला. "समुद्र काही पातळ नसतो."

"आणि त्याच्या खाली?"

"काय दिसतंय तुला?"

"ख, मग काहीतरी, मग 'ला' असावं."

डेन्झिलनं डोळे मिटले. "'खेकडे आले का बघ, लिनेटला आवडतात.' ते बोटीचं नव्हतं. तो मध्येच म्हणाला, मी तसंच लिहिलं."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता, आणि मग खुर्ची ओढल्याचा.

"थांब, चष्मा आणते," लिनेट म्हणाली. "वरपासून सगळं वाच. मी लिहून घेते."

"कागद तुझ्याकडे आहे, लिन."

"मग मी अक्षर अक्षर सांगते. तू आठवून सांग."

तो भिंतीला टेकून जमिनीवरच बसला, आणि सांगू लागला.